मे महिन्यासाठी कादंबरी निवडताना : गोव्यातल्या नव्या वाचकांसाठी

शाळा सुटल्यावर ज्यांचे मराठी वाचन मागे पडले आणि या सुट्टीत एक तरी कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचायची ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गोव्यात अशी माणसे घरोघरी आहेत. प्राथमिक शाळा मराठीतून, पाचवीपासून सगळे इंग्रजीत, मराठी उरते एका विषयापुरते आणि दहावीनंतर तेही सुटते. मग एप्रिलच्या शेवटी कधी तरी वाचनालयात जाऊन "एखादी चांगली कादंबरी द्या" म्हणून सांगायचे, कोणी तरी पुरस्कार मिळालेले जाडजूड पुस्तक काढून द्यायचे, आणि ते चाळिसाव्या पानावर अडकून पाऊस येईपर्यंत उशाशी पडून राहायचे, असे चालते.

सुट्टीत मी गावच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते, त्यामुळे कोणते पुस्तक किती दिवसांनी आणि कुठल्या पानावर खूण घेऊन परत येते ते पाहते. वाचकाचे मराठी कच्चे नसते, पुस्तकही वाईट नसते. निवडताना पुस्तकाची थोरवी पाहिली जाते, आपला मे महिना कोणी पाहत नाही. पहिल्या सुट्टीत ओढून नेणारी कादंबरी घ्या. ती थोरही असेल तर उत्तमच, आणि मराठीत तशा बऱ्याच आहेत.

१. आधी आपला वेग आणि आपला वेळ मोजा

घरात असेल ते कुठलेही मराठी पुस्तक घ्या, फोनवर पंधरा मिनिटे लावा आणि मनातल्या मनात, घाई न करता वाचा. जितकी पाने झाली त्याला चाराने गुणा. हा तुमचा ताशी वेग. वर्तमानपत्रावर हे करू नका, त्याचे रकाने अरुंद असतात आणि बातमी आपण अर्धी चाळतो. सवय मोडलेल्या माणसाचा वेग ताशी वीस पाने निघाला तर काही बिघडले नाही. तीनशे पानांची कादंबरी म्हणजे पंधरा तास, रोज एक तास दिला तर पंधरवडा. तेराशे पानांची घेतली तर पासष्ट तास, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त. जोडाक्षरांवर नजर एकदा बसली की वेग आपोआप वाढतो, पण त्यासाठी पहिली पन्नास-साठ पाने पार व्हावी लागतात.

आता वेळ. मे महिना मोकळा असतो हा समज आपल्याकडे तरी खरा नाही. लग्ने, गावची जत्रा, मुंबईहून आलेली माणसे, वर पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, भरायचे. मिरच्या, सोलां, पापड गच्चीवर, आणि त्यांची राखण करायला आपण. म्हणजे वेळ मिळतो तो वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. अशा तुकड्यांत वाचायची कादंबरी लहान प्रकरणांची हवी. एकेक प्रकरण साठ पानांचे असेल तर दर वेळी मागची दोन पाने पुन्हा वाचावी लागतात आणि उत्साह तिथेच जातो. दुपारची दोन-तीन तास निवांत झोपाळ्यावर बसायला मिळणारे भाग्यवान असतील त्यांना ही अट नाही.

२. तुम्हाला पुढे काय ओढते ते ओळखा

प्रत्येकाला पुस्तकात वेगवेगळी गोष्ट धरून ठेवते. शेवटचा सिनेमा किंवा मालिका कोणती एका बैठकीत पाहिली ते आठवा, उत्तर त्यातच असते.

पुढे काय घडणार यासाठी जे जागतात त्यांनी संकोच न करता गूढ आणि भयकथेकडे जावे. नारायण धारपांचे 'लुचाई' रात्री दिवा लावून वाचणारे मला माहीत आहेत. इतिहास आवडत असेल तर रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) सुरुवातीला फार चांगली. माधवराव पेशव्यांची छोटी कारकीर्द, घरातला काका, पत्नी रमा, आजार, थेऊर. पात्रे मोजकी आणि धागा एकच, म्हणून नवा वाचक हरवत नाही. विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) अधिक मोठी. तिच्यात सरदारांची नावे पुष्कळ आहेत, पण मोहीम उत्तरेकडे सरकू लागली की थांबता येत नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) जाडीने घाबरवते. तिची रचना मात्र मदतीला येते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशी सहा माणसे आपापली बाजू स्वतः सांगतात, त्यामुळे दर भागाला नवा आवाज लागतो आणि थकवा येत नाही. गोष्ट तर आपण आजीकडून ऐकलेलीच असते.

माणसाच्या मनात शिरायला आवडत असेल तर मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचा काळ, वर्गातली शिरोडकर. भाषा बोलण्यातली आहे, कुठे अडत नाही. कॉलेजच्या वयाच्या मुलांना सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' हातात दिली की परत यायला वेळ लागत नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) अगदी लहान आहे. युरोपातून मुंबईला निघालेली बोट, दुसरे महायुद्ध दाराशी, चक्रधर आणि ज्यू मुलगी हेर्टा. दोन-तीन संध्याकाळी पुरतात, आणि मराठी कादंबरीचा आवाका किती आहे ते कळते. वेळ कमी असलेल्यांना मी पहिले नाव हेच सांगते.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'विषयी (१९६३) सगळे विचारतात. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला कॉलेजात येतो आणि आपल्याच तऱ्हेने बोलत राहतो. त्याचा सूर पहिल्या दहा पानांत लागला तर पुस्तक खाली ठेवणार नाही. लागला नाही तर जबरदस्ती नको, चार-पाच पुस्तके झाल्यावर पुन्हा उघडा.

३. आपल्या मातीजवळून सुरुवात करा

गोव्यातल्या वाचकाकडे एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईच्या वाचकाकडे नाही. तेरेखोल ओलांडले की रेडी, शिरोडा, आरवली. त्या टापूने मराठीला मोठे कादंबरीकार दिले. जयवंत दळवी आरवलीचे. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याजवळचे. वि. स. खांडेकर १९२० पासून बरीच वर्षे शिरोड्याला शिक्षक होते. यांच्या पुस्तकांतली मालवणी ढंगाची वाक्ये, देवळाचा कौल, अवसर, पोफळीची बाग, खाडीचा वास हे इतरांना टिपा वाचून समजून घ्यावे लागते, आपल्याला नाही. वेग कमी असला तरी इथे आपण भराभर पुढे जातो.

खानोलकरांत प्रवेश करायचा तर 'चानी' (१९७०) लहान आहे. मग 'कोंडुरा' (१९६६). समुद्राकाठची गुहा, तिथल्या दैवताने दिलेले वरदान आणि त्याने एका साध्या ब्राह्मणाच्या आयुष्याची केलेली दशा. वेंगुर्ल्याच्या बाजूला कोंडुरा नावाचा किनारा खरोखर आहे, पुस्तक वाचून झाल्यावर जाऊन या. 'रात्र काळी, घागर काळी' मात्र तिसऱ्या क्रमांकावर ठेवा, तिच्यातला काळोख दाट आहे.

दळवींची 'महानंदा' गोव्यातल्या वाचकाने वाचायलाच हवी असे मी म्हणेन. भाविणीच्या, म्हणजे देवळाच्या सेवेला वाहिलेल्या बाईच्या, पोटी जन्मलेली मुलगी, तिच्यावर प्रेम करणारा शिकलेला तरुण, मध्ये देवाची आणि समाजाची भिंत. 'गुंतता हृदय हे' हे नाटक याच कादंबरीवरून झाले, घरातल्या मोठ्यांनी ते पाहिलेले असते, वाचल्यावर त्यांच्याशी बोला. हाच विषय बा. भ. बोरकरांनी 'भावीण' (१९५०) या कादंबरीत घेतला. बोरकर कवी म्हणून सगळ्यांना पाठ, कादंबरीकार म्हणून फारसे कोणी हात लावत नाही. दोन्ही लागोपाठ वाचल्या तर एकाच दुःखाकडे दोन लेखक कसे पाहतात ते दिसते, आणि आपल्या देवळांच्या भोवतालची घरे पूर्वीसारखी दिसत नाहीत.

श्री. ना. पेंडसे आणि गो. नी. दांडेकर थोडे वरचे, रत्नागिरी-रायगडकडचे, पण घर आपलेच वाटते. 'गारंबीचा बापू' (१९५२) पहिल्या सुट्टीसाठी माझी सर्वांत आवडती शिफारस. बापू गावाला न जुमानणारा, राधा त्याहून धीट, आणि सुपारीचा व्यापार. कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, असलेल्या घरातल्या माणसाला यातला पैशाचा हिशेबसुद्धा रंगतो. दांडेकरांची 'पडघवली' (१९५५) एका बाईच्या तोंडून सांगितलेली ओसरत्या गावाची गोष्ट आहे. ती वाचताना आजीच बोलते आहे असे अनेकांनी मला येऊन सांगितले.

गोव्याच्या इतिहासात शिरायचे असेल तर महाबळेश्वर सैल यांची 'तांडव'. सोळाव्या शतकातले धर्मांतर आणि त्यात दुभंगलेली माणसे. विषय जड आहे, वाचताना मध्ये थांबावेसे वाटते, म्हणून पहिली नको. सैल कोंकणीतही लिहितात, त्यांच्या 'हावठण'ला सरस्वती सन्मान मिळाला. आणि देवनागरी कोंकणी वाचता येत असेल तर दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' सोडू नका. कुवेतला आया म्हणून गेलेली बाई आपल्या प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी ओळखते.

सांगे-केप्याच्या लोकांसाठी एक वेगळे सुचवते. साळावली धरणात बुडालेले कुर्डी गाव मे महिन्यात पाणी ओसरले की वर येते. जुने गावकरी येऊन देवळापाशी, कपेलापाशी जमतात. त्या दिवसांत विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' वाचा. ती महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांची कादंबरी आहे, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. पुनर्वसनाची जमीन, कचेरीतले हेलपाटे, उठवलेल्या माणसांची फरफट हे सगळे तिथे इतक्या जवळून येते की कुर्डीच्या चौथऱ्यांवरून चालताना पात्रांची नावे आठवतात.

४. कुठून आणायची, काय बरोबर न्यायचे

पणजीला पाटोवर, कदंब बसस्थानकापासून चालत जाता येईल एवढ्यावर, कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेले, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. दक्षिणेत नावेलीला डॉ. फ्रान्सिस्कु लुईस गोमिश जिल्हा ग्रंथालय. याशिवाय तालुक्याची आणि गावची वाचनालये आहेत, आणि मराठी कादंबऱ्या बघायच्या तर गावच्या वाचनालयाला कमी लेखू नका. साठ-सत्तरच्या दशकातली, आता दुकानात न मिळणारी पुस्तके तिथेच सापडतात.

सभासद होण्यासाठी सहसा हे लागते:

- आधार किंवा मतदार ओळखपत्र, मूळ आणि छायाप्रत
- पत्ता वेगळा असेल तर पत्त्याचा पुरावा
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- परत मिळणारी अनामत रक्कम, सुट्या पैशांत. पावती जपून ठेवा
- मुलांसाठी पालकांची सही

ठेव, दंड आणि पुस्तक किती दिवस ठेवता येते हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. पहिल्याच भेटीत विचारून घ्या. निघण्यापूर्वी फोन करून सुट्टी नाही ना ते पाहा.

विकत घ्यायची असेल तर एप्रिलमध्येच मागवा. बस किंवा फेरीबोटीत वेळ जात असेल तर मराठी श्राव्य पुस्तकेही आता बरीच मिळतात, पण वाचनाचा वेग वाढवायचा असेल तर छापील पुस्तकच हवे.

५. कपाटापाशी अर्धा तास

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळे नेमका हाच गाळतात. तीन-चार कादंबऱ्या काढा, टेबलाशी बसा आणि पुढचे करा.

वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर शिक्के किती आहेत त्यापेक्षा त्यांच्यातले अंतर पाहा. नेलेले पुस्तक आठवड्याच्या आत परत आले असेल आणि हे वारंवार झाले असेल तर ते लोकांनी झपाट्याने संपवले किंवा झपाट्याने सोडले. कोणते ते पानांची कड सांगते. पुस्तक मिटून खालची कड उजेडात धरा. हाताळलेल्या पानांची कड मळकट, पिवळट होते. मळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारखा असेल तर लोकांनी ते पुरे वाचले आहे. पहिली बोटभर जाडी मळलेली आणि पुढे कड स्वच्छ असेल तर बहुतेकांनी तिथेच हात टेकले. काही वाचनालयांत आता संगणकावर नोंद होते, चिठ्ठी नसते, पण कड असतेच.

मग पहिली दहा पाने वाचा. पाठचा मजकूर वाचू नका, त्यात शेवटसुद्धा फोडलेला असतो, आणि प्रस्तावना तर कादंबरी संपल्यावरच. दहा पानांनंतर पुस्तक मिटा आणि स्वतःला विचारा, अकराव्या पानावर काय असेल याची उत्सुकता आहे का? असेल तर मधले कुठलेही एक पान उघडा. तिथे वर्णनच वर्णन आहे की माणसे बोलताहेत, भांडताहेत, काही करताहेत? नव्या वाचकाला संवाद असलेले पान सोपे जाते.

शेवटी पुस्तकाची तब्येत. जुन्या पुस्तकाला वाचनालयवाले रेक्झिनची बांधणी करतात, तेव्हा शिवण आत घेतली जाते आणि ओळींचे शेवट घडीत जातात. मधोमध उघडून ओळ पुरी दिसते का पाहा. पानांचे आकडे भराभर चाळा. एखादा फर्मा गळाला असेल तर सोळा पाने एकदम नाहीशी असतात, आणि ती नेमकी रंगात आल्यावर कळते. छपाई बारीक असेल आणि तुमचा चष्मा जुना असेल तर दुसरी आवृत्ती मागा.

६. लोक कुठे अडकतात

खंड. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) दोन खंडांत आहे. पहिला हातात असताना दुसरा कपाटात आहे का, की कोणी नेलाय, हे विचारा. एका घराण्याच्या पिढ्यान्पिढ्यांची ही कादंबरी अफाट आहे, पण ती दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यासाठी. 'तुंबाड' हा सिनेमा पाहून कोणी ती मागत असेल तर सांगून ठेवते, सिनेमातला हस्तर आणि पुरलेले सोने या कादंबरीत नाही. नाव तेवढे तिथून घेतलेले आहे.

क्रम. नेमाडे यांची 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' ही चार पुस्तके चांगदेव या एकाच नायकाची आहेत आणि याच क्रमाने वाचायची. कपाटात ती अकारविल्हे लागतात किंवा कशीही, आणि लोक 'झूल' उचलतात.

संक्षिप्त आवृत्ती. मुखपृष्ठावर बारीक अक्षरात लिहिलेले असते. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या अशा आवृत्तीत गोष्टीचा सांगाडा राहतो, रस जातो.

इतिहास आणि कादंबरी. 'स्वामी' किंवा 'छावा' वाचून त्यातला संवाद जसाच्या तसा घडला असे धरून घरात वाद घालू नका. संवाद लेखकाने रचलेले आहेत. कादंबरी वाचून त्या काळाची गोडी लागली तर इतिहासाचे पुस्तक वेगळे मागा.

फोनवर फिरणाऱ्या पीडीएफ. लेखकाचे पैसे बुडतात, आणि त्या प्रतींत पाने तिरकी, अर्धी, गाळलेली असतात.

आणि वयाचा प्रश्न. सहावी-सातवीतल्या मुलाला 'मृत्युंजय' देऊन "वाच, संस्कार होतील" म्हणणारे पालक दर वर्षी येतात. त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. एक संपला की तो स्वतः दुसरा मागायला येतो.

७. वाचायला बसल्यावर

पुस्तकाच्या आत एक कोरा कागद ठेवा आणि नवे पात्र आले की नाव आणि नाते लिहा. 'पानिपत'सारख्या कादंबरीत हा कागद नसेल तर दोन दिवसांच्या लग्नानंतर परत सुरुवात करावी लागते. शब्द अडला तर लगेच शोधायला जाऊ नका. खाली पेन्सिलीने नको, कागदावर लिहा आणि पुढे चला, बहुतेक शब्द दहा पानांत आपोआप उलगडतात. व्यंकटेश माडगूळकरांची माणदेशी बोलीतली 'बनगरवाडी' वाचताना हे विशेष लक्षात ठेवा.

पन्नास पानांपर्यंत प्रामाणिकपणे वाचा. तिथवर ओढ लागली नाही तर परत करा. पुस्तक अर्धे सोडणे म्हणजे गुन्हा नव्हे. मुलांच्या समोर तर हे मुद्दाम करा, म्हणजे त्यांनाही निवडायची मोकळीक आहे हे कळेल.

घामाच्या हातांनी कागद फुगतो, म्हणून पुस्तकाला खाकी कागदाचे वेष्टण घाला, प्लास्टिकचे नको, त्याच्या आत दमट हवा कोंडून बुरशी धरते. आंबा खाताना पुस्तक लांब.

८. पुढची निवड

पहिली कादंबरी संपायला साठ-सत्तर पाने राहिली की दुसरी ठरवा. त्याच लेखकाची लगेच घेऊ नका, सूर सारखा वाटून कंटाळा येतो. विषय तोच ठेवून लेखक बदला, किंवा लेखकाचा टापू तोच ठेवून काळ बदला. 'गारंबीचा बापू' आवडली असेल तर 'पडघवली', 'महानंदा' आवडली असेल तर 'भावीण', 'स्वामी'नंतर 'पानिपत'. कन्नडमधून आलेले एस. एल. भैरप्पाही या वेळेला चांगले, उमा कुलकर्णी यांनी केलेला 'वंशवृक्ष'चा अनुवाद वाचताना तो अनुवाद आहे हे विसरायला होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा आणि पाऊस दोन्ही सुरू होतात आणि वाचनालयात परत करणाऱ्यांची रांग लागते. तुमची कादंबरी अर्धी राहिली असेल तर मुदत संपायच्या आधी जाऊन नूतनीकरण करून घ्या. पुस्तक प्रत्यक्ष दाखवावे लागते का ते आधी विचारा. मागणी नोंदलेले पुस्तक असेल तर मुदत वाढवून मिळत नाही, तेव्हा पान क्रमांक लिहून ठेवा आणि आपलेही नाव त्याच यादीत घाला.